पाण्याचे रॉकेट आणि सायकलचा पंप

मागच्या महिन्यात वस्तीतल्या एक ताई संध्याकाळी आमच्याकडे आल्या. दाखल्याचे, रेशनकार्डाचे, पेन्शनच्या अर्जाचे काम असले की माणसे आमच्याकडे येतात. तेव्हा आम्ही सवयीने चष्मा चढवला आणि पेन काढले. पण हे काम कागदाचे नव्हते.

"भाऊ, आमच्या पोराला जरा समजावून सांगा. नववीत आहे. पुढच्या वर्षी बोर्ड. आणि ह्याचं लक्ष कशात, तर गल्लीतल्या बाटल्या गोळा करून राकेट करण्यात. परवा ते समोरच्यांच्या पत्र्यावर जाऊन आदळलं. भांडण झालं. मी चार घरी पोळ्या लाटून ह्याच्या क्लासची फी भरते, आणि हा बाटल्या कापत बसतो. तुम्ही दोन शब्द बोला, तुमचं ऐकेल तो."

रास्त तक्रार होती. आम्ही चप्पल घातली आणि ताईंबरोबर निघालो. जाता जाता मनात भाषणाची जुळवाजुळव केली. आईचे कष्ट, शिक्षणाचे महत्त्व, गेलेली वेळ परत येत नाही, असा सगळा ठरलेला मालमसाला. असली भाषणे आम्हांला पाठ आहेत.

पोरगा दाराबाहेरच्या पायरीवर बसला होता. मांडीवर कोल्ड्रिंकची मोठी बाटली, तिला पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवलेले, आणि हातात रबरी बूच. त्या बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आरपार घातलेला. ते बूच पाहिले आणि आमची सगळी जुळवाजुळव विस्कटली. तोंडातून निघाले, "पाणी किती भरलं होतंस?"

"अर्धी बाटली, काका."

"म्हणूनच पत्र्यावर गेलं."

ताईंनी कपाळाला हात लावला.

तर वाचकहो, या वेळचे सदर त्या बुचापायी आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जांविषयी लिहिण्याचे कबूल केले होते, ते पुढच्या खेपेस.

आमचा जन्म १९७९ सालचा. त्या वर्षी ११ जुलैला अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाशातली प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. पण कुठे पडतील हे आधी कोणालाच नक्की ठाऊक नव्हते, त्यामुळे आपल्याकडेही घबराट होती. आई सांगते, आम्ही तेव्हा दोन महिन्यांचे होतो आणि त्या रात्री बोपोडीतल्या बायका पोरांना उराशी धरून जाग्या राहिल्या होत्या. आकाशातल्या यंत्राशी आमची पहिली ओळख ही अशी झाली.

दुसरी ओळख दिवाळीच्या रॉकेटची. आमच्या वस्तीत म्हातारी माणसे त्याला बाण म्हणत. शाळेच्या पुस्तकात अग्निबाण, आणि आम्हा पोरांच्या तोंडी राकेट. म्हाताऱ्यांचा शब्द खरा जुना. मराठ्यांच्या फौजेत हे बाण होते, ते सोडणारे बाणदार होते. म्हैसूरच्या हैदर-टिपूंनी त्याला लोखंडी नळी दिली आणि इंग्रजांना चांगलेच भाजले. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी ते बाण विलायतेला नेले, आणि त्यांवरून काँग्रीव्ह नावाच्या माणसाने इंग्रजी रॉकेट बनवले. गोष्ट मोठी आहे, पण आम्हांला तेव्हा त्यातले काही माहीत नव्हते. आम्हांला एवढेच माहीत की एक रॉकेट महाग पडते, म्हणून दुसऱ्यांनी उडवलेले कुठे पडते ते पाहायचे आणि सकाळी त्याची काडी आणि जळकी नळी गोळा करायची. मग ती नळी उभी चिरून आत काय आहे ते बघायचे.

ती काडी कशासाठी असते हे आम्ही फटका खाऊन शिकलो. आमच्यातल्या एकाला वाटले, काडीचे ओझे कमी केले की रॉकेट जास्त वर जाईल. त्याने ती निम्म्यावर मोडली. ते रॉकेट वर गेलेच नाही. दोन गिरक्या घेऊन चौकातल्या पानाच्या टपरीत शिरले. टपरीवाल्याने आम्हांला रेल्वे फाटकापर्यंत पळवले. पुष्कळ वर्षांनी कळले की पुढचा भाग जड आणि शेपूट लांब असले तरच वारा रॉकेटला सरळ धरतो. काडी म्हणजे त्या रॉकेटचे शेपूट. पतंगाला शेपटी लावणाऱ्या पोरांना हे आधीच सुचायला हवे होते.

पुढची पायरी धोक्याची होती. काडेपेटीतल्या काड्यांच्या गुलाशी आम्ही काही उद्योग केले. ते कसे केले हे इथे लिहिणार नाही. कारण हा अंक घरातली पोरेही वाचतात. एका मित्राच्या भुवया जळाल्या आणि दोन बोटांची कातडी सोलून निघाली. डोळा वाचला तो नशिबाने. त्या दिवशी आमच्या समोरच्या घरातल्या मामांनी आम्हा सगळ्यांना ओळीने बसवले. मामा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत कामाला होते. ही फॅक्टरी १८६९ सालची, आणि आमच्या भागातली किती घरे तिच्या भोंग्यावर उठली-बसली याची गणती नाही. मामा मारतील असे वाटले होते. ते मारले नाहीत. ते म्हणाले, "पोरांनो, मी वीस वर्षं दारूजवळ काम करतोय. आत जाताना रोज झडती होते. खिशात आगपेटी सोडा, एक काडी नेता येत नाही. आणि तुम्ही घरात आईच्या चुलीशेजारी हे करताय?"

त्यानंतर आगीचा नाद सुटला. रॉकेटचा नाही.

कुठल्याशा जुन्या अंकात आम्ही पाण्याच्या रॉकेटचे चित्र पाहिले होते. बाटलीत थोडे पाणी, बाकी हवा. तोंडाला घट्ट बूच, बुचातून पंपाने हवा भरायची. आतला दाब बुचाला पेलवेनासा झाला की बूच सुटते, पाणी खाली जोराने फेकले जाते आणि बाटली वर. न्यूटनचा तिसरा नियम. पण काचेच्या बाटलीने हे करायचे म्हणजे जीवाशी खेळ, आणि प्लास्टिकच्या तशा बाटल्या आमच्या वस्तीत कोणाच्या घरी येणार? त्या बाटल्या येत होत्या फक्त एका वाटेने. आईच्या पोत्यातून.

आमची आई कागद, काच, पत्रा गोळा करायची. पहाटे चारला निघायची, औंध रोडने पुढे सोसायट्यांच्या कचरापेट्या उपसायची आणि दहा वाजता डोक्यावर पोते घेऊन परत यायची. १९९३ साली पुण्यात या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढाव आणि इतर कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने. पुढे ओळखपत्रे मिळाली, आणि २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा घेऊ लागली. पण आम्ही सांगतो ते त्याच्या सुरुवातीचे दिवस. त्याच सुमारास कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या मोठ्या बाटल्या लग्नाच्या हॉलमागे आणि बंगल्यांच्या कचऱ्यात दिसू लागल्या.

आम्ही आईकडे एक बाटली मागितली. तिने विचारले, कशाला? आम्ही सांगितले. आई शाळेत गेलेली नाही. तिने पोते ओतले, एकेक बाटली हातात घेऊन अंगठ्याने दाबली आणि दोन ढीग केले. "ही पाण्याची. हिच्यात दम नाही, पोट आत जातं. ही सरबताची, हिची शिवण उलते. ही बघ, ही कोल्ड्रिंकची. हिला गॅस सोसायची सवय आहे. बूड बघ, पाकळ्या-पाकळ्यांचं. हीच घे."

आज आम्ही हे वाचून पडताळले आहे. ज्या बाटलीत सोडा किंवा कोल्ड्रिंक भरतात ती बाटली आतल्या वायूचा दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते, आणि बुडाच्या त्या पाकळ्याही त्यासाठीच. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, ती पंपाखाली फाटू शकते. आईला हे अंगठ्याने कळत होते.

पण बाटली फुकट नव्हती. भंगारवाला किलोवर घेई आणि एक किलो भरायला वीस-पंचवीस बाटल्या लागत. आमची रॉकेटे फुटत, नदीत पडत, पत्र्यावर अडकत. आईने हिशेब ठेवला होता. महिन्याला चार बाटल्या. पाचवी मागितली तर "वजनातून कापू का?" असे विचारी. बूच खडकी बाजारातल्या औषधांच्या दुकानातून मिळवले, व्हॉल्व्ह सायकलवाल्याने फाटक्या ट्यूबमधून कापून दिला. तापवलेल्या दाभणाने बुचाला भोक पाडले. पंख वहीच्या पुठ्ठ्याचे. टोकाला जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून बांधल्या, म्हणजे पुढचा भाग जडही झाला आणि कुणाच्या डोक्यात पडले तरी खोक पडणार नाही. पंप वस्तीतल्या दूधवाल्याचा.

नदीकाठी पहिले रॉकेट सुटले तेव्हा पाण्याचा फवारा आमच्या सगळ्यांच्या तोंडावर आला आणि बाटली कुठे गेली हे कोणाला दिसलेच नाही. आम्ही सगळे आकाशात बघत होतो. ती आमच्या मागे पडली.

मग प्रयोग सुरू झाले. पाणी अर्धे भरले तर बाटली जड होऊन मध्येच दमते. पाणी नुसते तळाशी ठेवले तर फुसकन हवा जाते आणि जोर लागत नाही. कारण हवेला वजन फार कमी. खाली फेकायला काहीतरी जड हवे, आणि पाणी हवेच्या आठशे पट जड. पाव ते तिसरा हिस्सा पाणी, हे माप आम्ही वहीत आकडे लिहून शोधून काढले. उंची मोजायला पलीकडच्या तीन मजली इमारतीची गच्ची. गच्चीच्या खाली, गच्चीला, गच्चीच्या वर, असे तीन रकाने. ती वही आता नाही. पुराच्या एका वर्षी पुष्कळ सामान गेले, त्यात तीही गेली. बूच तेवढे आईच्या डब्यात राहिले.

शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. सप्टेंबर १९९३ मध्ये आपल्या देशाचे पीएसएलव्ही हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात बंगालच्या उपसागरात पडले होते. त्याच महिन्याच्या ३० तारखेला किल्लारीचा भूकंप झाला, आणि मग रॉकेटचे कोणाला आठवले नाही. आम्हांला आठवत होते. आम्ही तक्त्यावर पीएसएलव्हीचे चित्र काढले आणि खाली आमचे पाण्याचे रॉकेट मांडले. सकाळी सर आले. त्यांनी बाटली उचलून पाहिली. "छान आहे. बाटली कुठून आणली?" आम्ही खरे ते सांगितले, आई गोळा करते. सरांनी बाटली खाली ठेवली आणि हात रुमालाला पुसला. मग म्हणाले, "पाण्याचा प्रयोग आहे, हॉलमध्ये ओल होईल. बाहेर व्हरांड्यात नळापाशी मांड."

ओल खरेच झाली असती. एवढी वर्षे आम्ही स्वतःला हेच सांगत आलो आहोत. पण तो रुमाल आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. परीक्षक हॉल पाहून चहाला गेले, व्हरांड्यात कोणी आले नाही. शाळा सुटल्यावर आम्ही पटांगणात ते उडवले. पाहायला शाळेचा शिपाई आणि झाडलोट करणारी मावशी, एवढेच. रॉकेट शाळेच्या गच्चीच्या वर गेले. घरी आल्यावर आईला सरांचे काही सांगितले नाही. तिने विचारले, "किती वर गेलं?" आम्ही म्हणालो, "गच्चीच्या वर." ती म्हणाली, "मग जेव."

पुढच्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९९४ ला, पीएसएलव्ही यशस्वी झाले. त्यानंतर त्या रॉकेटने इतकी उड्डाणे केली की ते देशाचे हक्काचे वाहन ठरले. आम्ही दहावी झालो आणि कॉमर्सला गेलो. सायन्स म्हणजे प्रॅक्टिकल, फी, क्लास, आणि दिवसभर कॉलेज. कॉमर्सचे कॉलेज सकाळचे, दुपारी दुकानात हिशेब लिहिता येत होते. निर्णय आमचाच होता. बी.कॉम. झालो, कारकून झालो, आईचे पोते उतरवले. याची आम्हांला खंत नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही कॉलेजात असताना, १९९५ पासून तीन वर्षे, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते डॉ. वसंत गोवारीकर. पुण्यात जन्मलेला हा माणूस विलायतेत शिकून १९६७ साली थुंब्याला गेला, तिथे रॉकेटचे घन इंधन भारतात बनवण्याच्या कामाला लागला आणि पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचा प्रमुख झाला. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला तेव्हा त्या केंद्राचे संचालक तेच होते. ज्यांनी रॉकेटच्या पोटात काय भरायचे हे ठरवले ते गृहस्थ बोपोडीपासून सायकलवर वीस मिनिटांवर बसत होते. आणि पाषाणला ज्या प्रयोगशाळांत लष्कराची रॉकेटे, पुढे कारगिलच्या लढाईत वापरलेले पिनाक, आकाराला आली त्याही तेवढ्याच अंतरावर. आम्ही कधी विद्यापीठाच्या फाटकातून आत गेलो नाही. कोणी अडवले नव्हते. जावे असे सुचलेच नाही. २ जानेवारी २०१५ ला गोवारीकर वारले, तेव्हा पेपरातली बातमी आम्ही ऑफिसात दोनदा वाचली.

थुंब्याची गोष्टही आम्हांला उशिरा कळली. केरळातले कोळ्यांचे गाव. तिथले चर्च हे पहिले ऑफिस, रॉकेटचे भाग सायकलवरून नेलेले. २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालेले पहिले रॉकेटही अमेरिकेचे, उसने. सायकलच्या कॅरियरवर रॉकेटचे नाक बांधलेला तो फोटो पाहिला तेव्हा आमच्या दूधवाल्याच्या पंपाची आठवण झाली. हसू नका.

अमेरिकेत हा पोरांचा रीतसर छंद आहे. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक उडाला आणि तिथली पोरे घरोघर दारू कुटू लागली. कितीएकांची बोटे गेली. त्याच सुमारास नेब्रास्का राज्यातल्या ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या एका बुटांच्या दुकानदाराने पुठ्ठ्याची नळी, लाकडाचे हलके पंख आणि एकदा वापरून फेकायचे इंजिन असे लहान रॉकेट तयार केले होते. वर गेल्यावर छत्री उघडते आणि ते सावकाश खाली येते. हॅरी स्टाइन या तज्ज्ञाने त्याला नियमांची शिस्त दिली, आणि व्हर्नन एस्टेस यांनी ती इंजिने यंत्रावर बनवायला सुरुवात केली. खुबी अशी की पोराने दारूला हात लावायचाच नाही. इंजिन कारखान्यातले, पेटवायचे विजेच्या तारेने लांबून. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीच्या गावातला होमर हिकम हा पोरगा त्याच काळात मित्रांसह रॉकेटे करीत होता. तो पुढे नासात इंजिनिअर झाला, आणि त्याच्यावर १९९९ साली सिनेमाही निघाला. आपल्याकडे तशी इंजिने कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. दारूचा कायदा १८८४ सालचा आणि कडक आहे. तो कडक आहे ते बरे, हे भुवया जळालेल्या मित्राकडे पाहून आम्ही म्हणतो. गरिबाच्या पोराला पाण्याचे रॉकेट पुरे आहे, आणि नियम तिथेही तेच शिकायला मिळतात.

पुण्यात या बाबतीत चांगले कामही झाले आहे. अरविंद गुप्ता यांनी आयुकातल्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून पोरांना विज्ञान शिकवले. त्यांच्याकडे कचऱ्यातल्या बाटलीला व्हरांड्यात पाठवत नव्हते. आणि शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या मुलामुलींनी बनवलेला, किलोभरही न भरणारा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ ला त्याच पीएसएलव्हीने वर नेला.

आता ताईंच्या पोराकडे. त्याने २०२३ साली चांद्रयान-३ चंद्रावर उतरताना मोबाइलवर पाहिले आणि तेव्हापासून हे खूळ. त्याच्या आईला काय सांगायचे? रॉकेट उडवल्याने नोकरी लागते असे आम्ही सांगू शकत नाही. आम्हांला लागली नाही. गणित पक्के नसेल तर रॉकेटचा उपयोग नाही, हेही खरे. आम्ही पोराला विचारले, तिसरा हिस्सा पाणी म्हणजे दोन लिटरच्या बाटलीत किती? त्याने बोटे मोडली आणि सहाशे साठ सांगितले. "वरचे सहा कुठे गेले?" म्हटल्यावर ओशाळला. मग ताईंसमोरच करार झाला. रोज आधी दोन तास अभ्यास. रविवारी सकाळी सात वाजता नदीकाठी रॉकेट, गल्लीत नाही. पंप जपून मारायचा, बाटलीवर वाकायचे नाही, उडवताना बाकीच्यांनी दहा पावले मागे. पत्र्याची नुकसानी आम्ही देऊ.

पहिल्या रविवारी आम्ही आईलाही नेले. पंचाहत्तरी जवळ आली, गुडघे दुखतात, तरी आली. नदीकाठ आता ओळखू येत नाही. डोक्यावरून मेट्रो जाते. पोराने तीन बाटल्या आणल्या होत्या. आईने त्या घेतल्या, अंगठ्याने दाबल्या, दोन बाजूला ठेवल्या आणि एक त्याच्या हातात दिली. पोरगा आमच्याकडे बघू लागला. आम्ही म्हणालो, "त्या सांगतात ती घे."

पहिल्या खेपेला तिरके गेले. पंख एका बाजूला सुटला होता. दुसऱ्या खेपेला बूच सुटताच सरळ वर गेले आणि वळून खाली येईपर्यंत ताई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. पत्र्यावर पडले नाही.

आमचे जुने बूच मात्र त्या दाबाने तडकले. तीस वर्षे झाली त्याला. शनिवारी ऑफिस सुटल्यावर खडकी बाजारात बघून येतो.